वळिवडे छावणीतील पोलिश निर्वासितांना युद्ध संपल्यावर मायदेशी का पाठवले गेले नाही?

प्रश्न: इतिहासाचा_तास

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. पुढच्या सत्रात नववीच्या विद्यार्थ्यांना वळिवडे आणि गांधीनगर हा परिसर दाखवावा, असा विचार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला भेट दिल्यापासून वृत्तपत्रांतूनही पुष्कळ छापून आले. मात्र त्या सर्व लेखांचा सूर आपल्या आदरातिथ्याचा गौरव करण्याचा आहे. त्या गौरवाविषयी माझी तक्रार नाही, पण त्यातून विद्यार्थ्यांच्या शंकांची उत्तरे मिळत नाहीत.

वर्गात एका मुलीने विचारले की, मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेला आणि पोलंड मुक्त झाला, तर ही माणसे आणखी तीन वर्षे कौलारू बराकींत का राहिली? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्या अनुषंगाने असेही वाटते की, त्या वेळी निर्वासितांसंबंधीचा आजचा आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात नव्हता. मग इंग्रज सरकारने त्यांना एखाद्या जहाजावर बसवून परत धाडले असते, तर त्यांना अडवणारे कोण होते? शिवाय पोलिश लोक गेल्यानंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. या दोन समूहांना मिळालेले संरक्षण एकाच प्रकारचे होते काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: जुनी_बखर

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका आहे. मात्र त्याचे उत्तर १९४५ पासून सुरू केले तर अर्धेच हाती लागते. वळिवड्याला आलेली माणसे जर्मनांच्या तावडीतून सुटून आलेली नव्हती. ती सोव्हिएत संघातून आली होती, आणि सारा गुंता तेथेच आहे.

सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तारखेला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि १७ तारखेला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत आले. देशाचा पूर्व भाग, म्हणजे ल्वूफ, विल्नो, व्होविन इत्यादी प्रदेश, स्टालिनच्या ताब्यात गेला आणि काही आठवड्यांतच तेथील रहिवाशांवर सोव्हिएत नागरिकत्व लादण्यात आले. त्यानंतर चार मोठ्या लाटांमध्ये लोकांना उचलून नेण्यात आले. पहिली लाट १० फेब्रुवारी १९४० ची. त्या हद्दपारीत मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दीवर जमिनी मिळालेल्या माजी सैनिकांची व वनरक्षकांची कुटुंबे होती. रात्री दारावर थाप पडायची, बांधाबांध करायला अर्धा-एक तास मिळायचा आणि मग ऐन हिवाळ्यात गुरांच्या डब्यांतून कित्येक आठवड्यांचा प्रवास. एप्रिल १९४० मध्ये ज्यांचे कर्ते पुरुष आधीच अटकेत होते, अशी कुटुंबे कझाकस्तानला पाठवली गेली. त्या पुरुषांपैकी अनेकांना त्याच सुमारास कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारण्यात आले होते, हे घरच्यांना पुढे कित्येक वर्षे कळले नाही. हद्दपार केलेल्यांची एकूण संख्या सोव्हिएत कागदपत्रांनुसार सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. त्यापूर्वीचे पोलिश अंदाज याच्या कितीतरी पट होते, म्हणून आपल्याला पुस्तकापुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, हद्दपार पोलिशांना तथाकथित माफी मिळाली (कोणत्या गुन्ह्याची माफी, हे कोणी सांगितले नाही) आणि जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारण्याची परवानगी मिळाली. हे सैन्य दक्षिणेकडे जमू लागले तेव्हा उपाशी, टायफसने ग्रासलेली कुटुंबेही मिळेल त्या मार्गाने त्याच्यामागे उझबेकिस्तानपर्यंत आली. मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार लोक इराणमधील पहलवी बंदरावर उतरले आणि त्यांत एक तृतीयांशाच्या आसपास नागरिक होते. दरवाजा उघडा राहिला तो एवढाच काळ. जानेवारी १९४३ मध्ये सोव्हिएत सरकारने मागे उरलेल्यांना पोलिश नागरिक मानण्यास नकार दिला आणि कातिनचे प्रकरण उघडकीस आल्यावर एप्रिलमध्ये संबंधच तोडले.

इराणात एवढ्या लोकांना फार काळ ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, लेबनॉन आणि हिंदुस्थान अशी त्यांची वाटणी झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभारली ती १९४२ मध्ये. कुटुंबांसाठीची मोठी छावणी म्हणून पंचगंगेच्या खोऱ्यातील, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गालगतची वळिवड्याची जागा निवडण्यात आली. निर्वासित कराचीला उतरून, तेथील तात्पुरत्या तळांवर थांबून, मग रेल्वेने येथे आले. घरातील पुरुष बहुधा आंदर्स यांच्या सैन्यात होते आणि मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कसिनोच्या लढाईत त्यांतील पुष्कळजण कामी आले. वळिवड्यात बायकामुलेच का होती, याचे कारण यात आहे.

एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. कोल्हापूरच्या छत्रपतींनी या लोकांना स्वतः बोलावून घेतले, असे पुष्कळदा लिहिले जाते आणि त्यात राजाराम महाराजांचे नाव घेतले जाते. राजाराम महाराजांचे निधन नोव्हेंबर १९४० मध्येच झाले होते. छावणी आली तेव्हा गादीवर अल्पवयीन शिवाजी महाराज होते आणि राज्यकारभार त्यांच्या वतीने चालत होता. जागा कोल्हापूर संस्थानातील होती, व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखालील होती आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता. संस्थानाचे आणि आसपासच्या गावकऱ्यांचे सहकार्य खरेच होते, परंतु बालाचडीची कथा जशीच्या तशी कोल्हापुरावर चिकटवणे योग्य नाही.

आता मूळ प्रश्न. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची गावे त्यामुळे पोलंडमध्येच उरली नाहीत. ती सोव्हिएत संघात गेली. म्हणजे ज्या राज्याने त्यांना घरातून ओढून नेले होते, त्याच राज्यात त्यांचे घर आता कायदेशीररीत्या सामील झाले होते. नव्या सीमेच्या आतील पोलंडमध्ये मॉस्कोच्या कलाने चालणारे सरकार बसले होते आणि आंदर्सच्या सैनिकांच्या बायका म्हणून या स्त्रियांकडे ते सरकार कोणत्या नजरेने पाहील, याची भीती त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परतण्याजोगे घरच उरले नव्हते, त्यामुळे पोलंड मुक्त झाला हे वाक्य त्यांच्या दृष्टीने फारसे अर्थपूर्ण नव्हते.

उत्तर: करवीर_वकील

वरील प्रतिसादाने पार्श्वभूमी स्पष्ट केली आहे, त्यामुळे मी कायद्याच्या बाजूपुरते लिहितो.

१९४५ च्या जुलैपर्यंत या लोकांचे संरक्षण साध्या पण भक्कम आधारावर उभे होते: ते मित्रराष्ट्राचे नागरिक होते आणि त्यांचे सरकार लंडनमध्ये कार्यरत होते. मुंबईत पोलंडचा महावाणिज्य दूतावास होता, पोलिश रेड क्रॉसचे काम किरा बानासिन्स्का पाहत होत्या (त्या पुढे भारतातच राहिल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली), छावणीचा अंतर्गत कारभार पोलिश अधिकाऱ्यांकडे होता, शाळा पोलिश अभ्यासक्रमाच्या होत्या, दवाखाना, चर्च, नाट्यगृह, बालवीर पथके असे सर्व काही होते. निर्वासित म्हणून त्यांच्यापाशी कोणताही वेगळा हक्क नव्हता. परंतु त्यांच्यावतीने बोलणारे एक राज्य होते आणि व्यवहारात माणसाला संरक्षण मिळते ते अशाच ठिकाणाहून.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील सरकारला दिली. त्या दिवशी वळिवड्यातील एकही माणूस जागचा हलला नाही, तरीही त्याची कायदेशीर स्थिती पालटून गेली. ज्या सरकारने पासपोर्ट दिले आणि छावणीचा खर्च चालवला, ते सरकार ब्रिटिशांच्या लेखी उरले नाही. विद्यार्थ्यांना मी शिकवत असतो तर हा दिवस फळ्यावर लिहून ठेवायला सांगितला असता. सीमा ओलांडली की माणूस निर्वासित होतो, असे आपण समजतो. येथे सीमा आणि सरकार माणसाच्या मागे हलले आणि छावणीत बसल्या जागी तो निराधार झाला.

त्यांना सक्तीने पाठवता आले असते काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, त्या काळी ब्रिटिशांनी इतरांच्या बाबतीत ते केले. याल्टा येथील समझोत्यानुसार युरोपातील सोव्हिएत नागरिकांना, त्यांची इच्छा असो वा नसो, परत सोपवण्यात आले. ऑस्ट्रियातील लिएंझ येथे १९४५ च्या उन्हाळ्याच्या प्रारंभी कोसॅक कुटुंबांना ब्रिटिश सैनिकांनी बळजबरीने गाड्यांत कोंबले आणि त्यांतील काहींनी परतण्यापेक्षा मरण पत्करले. मग वळिवड्यातील माणसे, जी मॉस्कोच्या दृष्टीने १९३९ पासूनच सोव्हिएत नागरिक होती, त्या जाळ्यात का सापडली नाहीत? त्याचे एक मोठे कारण एका तारखेत आहे. पाश्चात्त्य राष्ट्रांनी सोव्हिएत नागरिक कोणाला म्हणायचे, हे ठरवताना १ सप्टेंबर १९३९ रोजीच्या सीमा धरल्या, आणि त्या दिवशी ल्वूफ व विल्नो पोलंडमध्ये होते. तारीख तीन आठवड्यांनी पुढे धरली असती, तर काय झाले असते, याची कल्पना आपण करू शकतो.

दुसरा आधार फेब्रुवारी १९४६ मध्ये आला. नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पूर्व युरोपातील सरकारांनी असा आग्रह धरला होता की, जे परतत नाहीत त्यांना मदत मिळू नये, कारण निष्ठावंत नागरिकाला परतण्याची भीती वाटण्याचे कारणच काय? वादविवादानंतर १२ फेब्रुवारीला जो ठराव संमत झाला, त्यात परतू इच्छिणाऱ्यांना सर्व प्रकारे साहाय्य करण्याचे ठरले. पण ज्यांनी पूर्ण मोकळेपणाने आणि वस्तुस्थिती जाणून घेऊन परतण्यास सयुक्तिक हरकत घेतली आहे, त्यांना परतण्याची सक्ती केली जाणार नाही, हेही मान्य झाले. युद्धगुन्हेगार आणि देशद्रोही यांचा अपवाद होता. ठराव हा कायदा नसतो, हे खरे आहे; तरी माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध छळाच्या तोंडी परत देऊ नये, हे तत्त्व इतक्या व्यापक सभेत नोंदले गेले आणि पुढे १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या ३३ व्या कलमात त्यालाच बंधनकारक रूप मिळाले.

वळिवड्यात या ठरावाचा अर्थ असा झाला की, आधी संयुक्त राष्ट्रांची साहाय्य व पुनर्वसन संस्था आणि १९४७ पासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना यांच्याकडे हे लोक सोपवले गेले, त्यांना परतण्याविषयी विचारले गेले आणि नाही म्हणण्याची मुभा राहिली. काही कुटुंबे पोलंडला गेलीही. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही येथेच आली होती. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि सैनिकांच्या कुटुंबीयांना त्या देशात येता आले. इतर काही ऑस्ट्रेलियास, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले. १९४८ पर्यंत वळिवडे रिकामे झाले. भारत तोवर स्वतंत्र झाला होता, आणि या लोकांना कायमचे येथे ठेवून घ्यावे, असा विचार कोणत्याच बाजूने गांभीर्याने झाल्याचे दिसत नाही. मोजक्या तरुणींनी येथे विवाह केले आणि त्या राहिल्या, एवढेच.

उत्तर: स्पष्टवक्ता_सांगली

चर्चा उत्तम आहे, परंतु एक बाजू सुटते आहे असे वाटते. १९४२ मध्ये जपानी सैन्य पुढे सरकले तेव्हा ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख हिंदी लोक पायी, जंगलातून, मणिपूर-आसामच्या वाटेने मायदेशी आले आणि त्यांतील हजारो रस्त्यात मेले. जहाजांत, विमानांत आणि सोयीच्या वाटांवर युरोपीयांना प्राधान्य मिळाले, यावरून तेव्हाच्या मध्यवर्ती विधिमंडळातही सरकारला जाब विचारला गेला होता. पुढच्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्याच सरकारने त्याच काळात वळिवड्याला नाट्यगृहासह छावणी उभी राहू दिली. पोलिश बायकामुलांचे दुःख लहान होते, असे मी म्हणत नाही. मात्र मुलांपुढे ही कथा मांडताना कातडीच्या रंगाविषयी काहीच बोलायचे नाही, हे मला पटत नाही.

उत्तर: जुनी_बखर

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो वर्गात मांडलाच पाहिजे. केवळ एक भर घालतो. ब्रह्मदेशातून आलेले हिंदी लोक स्वतःच्या देशात परतत होते, त्यामुळे त्यांच्यावर खर्च करणारे दुसरे कोणतेही सरकार नव्हते. त्यांची जबाबदारी याच सरकारची होती आणि ती त्याने पार पाडली नाही. वळिवड्याच्या सोयींचा खर्च पोलिश सरकारच्या खात्यावर होता. भेदभाव होताच, पण तो वळिवड्याच्या नाट्यगृहापेक्षा आसामच्या वाटेवर अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून दोष तेथे ठेवावा.

उत्तर: गांधीनगरकर

प्रश्नाचा शेवटचा भाग आमच्याविषयी आहे, म्हणून लिहितो. माझे आजोबा शिकारपूरहून आले. आमच्या घरातील थोरांकडून जे ऐकले आणि नंतर जे वाचले, त्यावरून सांगतो.

सिंधमध्ये फाळणीच्या पहिल्या महिन्यांत पंजाबसारखा रक्तपात झाला नाही आणि पुष्कळ हिंदू कुटुंबे थांबून होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर थांबण्याचा धीर सुटला. कराचीहून जहाजांनी लोक मुंबई आणि काठियावाडच्या बंदरांवर उतरले. मुंबई सरकारपुढे प्रश्न होता तो इतक्या लोकांना ठेवायचे कोठे, आणि उत्तर म्हणून युद्धकाळात बांधलेल्या, आता रिकाम्या पडलेल्या लष्करी वसाहती व छावण्या शोधण्यात आल्या. कल्याणजवळच्या लष्करी तळावर सर्वांत मोठी वस्ती झाली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पिंपरी, देवळाली येथेही वस्त्या झाल्या. वळिवड्याच्या बराकी याच हिशेबात आल्या. आमच्या घरात जुनी माणसे अजूनही गांधीनगरला कॅम्पच म्हणतात.

संरक्षण एकाच प्रकारचे होते काय? माझ्या समजुतीप्रमाणे अजिबात नव्हते. पोलिश लोकांना बाहेरच्या संस्था सांभाळत होत्या आणि त्यांच्यापुढचा प्रश्न पुढे कोणत्या देशात जायचे हा होता. आमच्या लोकांपुढे तो प्रश्न नव्हता. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना सरळ नागरिक मानले आणि नंतर आलेल्यांना नोंदणी करून घ्यावी लागली. पंजाबी आणि बंगाली निर्वासितांना निदान आपल्या प्रांताचा अर्धा भाग इकडे मिळाला. सिंध अखंड तिकडे गेला, त्यामुळे आपल्या भाषेचे राज्य म्हणून जाण्यासारखे ठिकाण आम्हाला नव्हते. पण मतदानाचा अधिकार, दुकान काढण्याचा अधिकार, जमीन घेण्याचा अधिकार पहिल्यापासून होता, आणि आज गांधीनगरच्या कापड बाजारात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातून व्यापारी येतात, त्यामागे कष्टांइतकाच हा अधिकारही आहे.

सर्व सुरळीत झाले असे मात्र समजू नये. मागे राहिलेल्या मालमत्तेचा क्लेम भरायचा, तर तिचे कागद दाखवावे लागत. रात्री घर सोडणाऱ्या माणसाने सातबाऱ्याऐवजी भांडी आणि मुले उचललेली असतात. १९५४ च्या नुकसानभरपाई कायद्याने ज्यांच्याकडे कागद होते, त्यांचे काही प्रमाणात भले झाले. भाड्याने राहणाऱ्यांना, हातावर पोट असणाऱ्यांना क्लेमच नव्हता. आजोबा दुकानात नोकर होते; त्यामुळे त्यांच्या वाट्याला बराकीचा एक भाग, शिधा आणि नंतर डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन गावोगाव फिरणे आले. कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्यांनी उधारीवर माल दिला नसता, तर ते तेवढेही करू शकले नसते, असे ते म्हणत.

उत्तर: करवीर_वकील

आपण जे लिहिले आहे त्याला कायद्याची जोड देतो. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने फाळणीच्या निर्वासितांना आपल्या कक्षेत घेतलेच नाही, आणि १९५१ च्या करारातील व्याख्येनुसार स्वतःच्या राष्ट्रीयत्वाच्या देशाबाहेर असलेला आणि त्या देशाचे संरक्षण न मिळणारा मनुष्य निर्वासित ठरतो. भारतात येऊन भारतीय नागरिक झालेला सिंधी माणूस त्यात बसत नाही. शिवाय मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता मर्यादित होता आणि राष्ट्रांना तो केवळ युरोपातील घटनांपुरता स्वीकारण्याची मुभा होती; ती कालमर्यादा १९६७ च्या पूरक कराराने (प्रोटोकॉलने) हटवली. जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या स्थलांतरांपैकी एक आपल्या उपखंडात नुकतेच घडलेले असताना जो करार युरोपकडे पाहून लिहिला गेला, त्यावर भारताने आणि पाकिस्ताननेही सही केली नाही. याची कारणे केवळ यात शोधणे अपुरे ठरेल. सीमांची सुरक्षा, शेजारी देशांशी संबंध आणि आपल्या निर्णयात बाहेरच्यांचा हस्तक्षेप नको ही भावना, या गोष्टीही होत्या आणि आजही आहेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: इतिहासाचा_तास

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सर्व सांगितल्यावर मुले पुढचा प्रश्न विचारणार, हे मला आताच दिसते आहे: आज एखादे कुटुंब जीव वाचवून भारतात आले, तर त्याचे संरक्षण कशाने होते? यावर वकीलसाहेबांनी थोडक्यात लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर: करवीर_वकील

भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. परदेशी व्यक्तींसंबंधीचा १९४६ चा कायदा अनेक दशके लागू होता आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२५ च्या आप्रवासन व परदेशी व्यक्तीविषयक कायद्याने घेतली. दोन्हींत निर्वासित असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे कोणाला काय मिळते, हे त्या त्या वेळच्या सरकारी आदेशांवर ठरते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तेथील रहिवाशांना नोंदणी प्रमाणपत्र मिळते आणि त्याचे नियमित नूतनीकरण करावे लागते. विदर्भात सहल गेली तर मुलांना ती वसाहतही दाखवण्याजोगी आहे. श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांसाठी तमिळनाडूत सरकारी छावण्या आहेत. अफगाण, म्यानमारमधील व इतर काही निर्वासितांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय करते, परंतु त्या ओळखपत्राला भारतीय कायद्यात निश्चित स्थान नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. मुस्लिम धर्मीय आणि इतर देशांतून आलेले त्यात नाहीत. या कायद्याविषयी मते टोकाची आहेत आणि तो वाद येथे वाढवण्याची माझी इच्छा नाही.

न्यायालयांचा आधार आहे, पण तो सर्वत्र सारखा नाही. चितगाव डोंगरी प्रदेशात कापताई धरणामुळे जमिनी बुडालेले आणि छळ सोसलेले चकमा १९६४ पासून भारतात आले व सध्याच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. तेथील संघटनांनी त्यांना राज्य सोडून जाण्याची मुदत दिली तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, २१ व्या अनुच्छेदातील जीविताचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे, ती नागरिक असो वा नसो, आणि राज्य सरकारने चकमांचे रक्षण केलेच पाहिजे. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी नागरिकांच्या प्रकरणात, जिवाला धोका असलेल्या देशात परत न पाठवण्याचे तत्त्व याच अनुच्छेदात पाहिले. मात्र एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देताना असे नमूद केले की, चौदावा व एकविसावा अनुच्छेद सर्वांना लागू असले, तरी देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो केवळ नागरिकांना आहे; विहित पद्धत पाळून त्यांना परत पाठवता येईल. म्हणजे १९४६ च्या ठरावात ज्या प्रश्नावर वाद झाला, तो आपल्याकडे अद्याप निकालात निघालेला नाही. माझे व्यक्तिगत मत असे आहे की, सरकारने कोणाला आश्रय द्यावा याचा निर्णय स्वतःकडे ठेवावा, परंतु माणसाला परत पाठवण्यापूर्वी तेथे त्याचे काय होईल, याची सुनावणी एखाद्या नियुक्त अधिकाऱ्यापुढे होण्याची तरतूद कायद्यात असली पाहिजे.

उत्तर: गांधीनगरकर

सहलीसाठी व्यावहारिक सूचना: मुलांना आधी कोल्हापुरात महावीर उद्यानातील पोलिश स्मारक दाखवावे, त्यानंतर शहरातील ख्रिश्चन दफनभूमीतील पोलिश थडगी पाहावीत आणि मग वळिवड्याला यावे. दफनभूमीत जाण्यापूर्वी तेथील व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी. मूळ बराकींवर इतकी बांधकामे झाली आहेत की, कोणी जाणकार सोबत नसेल तर त्या ओळखू येणार नाहीत. बाजाराच्या दिवशी गल्ल्यांत बस शिरत नाही, म्हणून ती बाहेरच उभी करावी. आपण तारीख कळवली, तर आमच्याकडील दोन-तीन ज्येष्ठ मंडळींना मुलांशी बोलायला मी आणू शकेन. ते मराठीतच बोलतील.